दवाखाना म्हणजेच प्राथमिक आरोग्य नव्हे

ताप आला, गोळी घेतली, एवढ्यालाच प्राथमिक आरोग्यसेवा म्हणायचं? प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेतल्या १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात पिण्याचं पाणी, स्वच्छता, पोषण, लसीकरण हे सगळं त्यात धरलंय. आपल्याकडे या सेवेचं पहिलं ठिकाण उपकेंद्र, म्हणजे गावपातळीवरचं छोटं सरकारी आरोग्य केंद्र: सपाटीवर ५,००० लोकांमागे एक, डोंगरी-आदिवासी भागात ३,००० मागे. कागदावर तरी.

माझ्या मते तिथली खरी कसोटी लस थंड ठेवून नेण्याच्या डब्यात दिसते. आत ४ आइसपॅक. फ्रीझरमधून काढून थेट भरले तर पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्रित लस) गोठते आणि वाया जाते. म्हणून पॅक कानाशी हलवून आत पाणी खळखळेपर्यंत बाहेर ठेवायचे. गोवर-रुबेलाची कुपी एकदा द्रावण घालून तयार केली की ४ तासांत वापरायची. उरली तर टाकायची, मग डबा कितीही थंड असो.