सप्ताहाची पंगत आणि न बोललेला नियम

आमच्या गावात सप्ताह संपला की काल्याच्या कीर्तनानंतर महाप्रसाद, वरण भात पोळी वांग्याची भाजी, सारं गाव जेवते. पण आमच्या वस्तीतले लोक कोणी न सांगता शेवटच्या पंगतीत बसतात. यंदा मी मायला विचारलं, काऊन बसतो आपण शेवटी? ती म्हणाली, असंच आहे बाप्पू पहिलेपासून.

हे 'असंच आहे' मला रात्रभर झोपू देत नव्हतं. समाजशास्त्रात विचारसरणी म्हणतात ते हेच, असं मला वाटते, म्हणजे हुकूम द्यायला कोणी लागतच नाही.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी 'प्रभुत्वशाली जात', म्हणजे गावात जिचं चालते ती जात, म्हणून जी कल्पना मांडली त्यात नुसती सोवळ्याची उतरंड नाही, जमीन आणि संख्याबळ पण येते. आमच्याकडं वावर ज्याचं, कापूस वेचायची मजुरी त्याच्याच हातात, मंदिराच्या कमिटीतही तोच, मग पंगतीत तोंड उघडणार कोण? आणि बाबासाहेबांनी १९१६ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचं मूळ जातीतल्या जातीतच होणाऱ्या लग्नात दाखवलं होतं, आजही आमच्याकडं पोरापोरीनं बाहेर लग्न केलं की पहिले बोलणं बंद होते.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड. पण शेवटच्या पंगतीची तक्रार कशी लिहायची, कोणी काही म्हटलंच नाही ना.

पुढच्या सप्ताहात मी मायला घेऊन पहिल्या पंगतीत बसणार आहे. ती अजून हो म्हणाली नाही.