भांडण नाही, तारखा जुळत नाहीत

आज सुट्टी, त्यामुळे भाच्याबरोबर दिवसभर 'विनलँड सागा' या अ‍ॅनिमेचा, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचा, दुसरा सीझन. मध्येच त्याने विचारलं, "मामा, पहिला विट स्टुडिओचा होता ना? मग हा मापा स्टुडिओकडे कसा? भांडण झालं का?"

भांडण सहसा नसतंच. बहुतेक अ‍ॅनिमेचा मालक स्टुडिओ नसतो. प्रकाशक, टीव्ही चॅनल, म्युझिक कंपनी, खेळणीवाले मिळून निर्मिती समिती करतात. पैसा त्यांचा, हक्कही त्यांचे. स्टुडिओ बऱ्याचदा ठरल्या रकमेवर काम करून देणारा कंत्राटदार. मालिका तुफान चालली तरी नफ्यात वाटा मिळेलच असं नाही. त्यात स्टुडिओंच्या तारखा कैक वर्षं आधी भरलेल्या. समितीला सीझन हवा तेव्हा जागा नसेल, तर काम दुसरीकडे जातं.

खरा फरक माणसांनी पडतो. 'वन पंच मॅन' २०१५ मध्ये मॅडहाउसने केलं, तेव्हा दिग्दर्शक शिंगो नात्सुमेसाठी भारीभारी फ्रीलान्स अ‍ॅनिमेटर जमले होते. २०१९ मध्ये जे.सी.स्टाफकडे गेलं, दिग्दर्शकही बदलला, आणि शिव्या मात्र एकट्या स्टुडिओने खाल्ल्या. याउलट 'विनलँड'चे दिग्दर्शक शुहेई याबुता दोन्ही सीझनला तेच, म्हणून सांधा जाणवत नाही.

"मग टायटनचं काय?" इति भाचा. 'अटॅक ऑन टायटन'चा शेवटचा सीझन २०२० च्या डिसेंबरात विटऐवजी मापाकडून आला, त्यावरून जेवणापर्यंत वाद. मला विटच्या जाड रेषा प्रिय, त्याला मापाचे थ्रीडी टायटनही (म्हणजे मालिकेतले राक्षस) चालतात. चालोत बापडे!