जॉर्जटाउन विद्यापीठ: रॉस्लिन स्थानकापासून फाटकापर्यंत

मुलीला वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या वसतिगृहात पोहोचवण्यासाठी आम्ही ऑगस्टच्या अखेरीस गेलो होतो. पोटोमॅक नदीच्या अलीकडे, रॉस्लिन मेट्रो स्थानकाजवळ आम्ही खोली घेतली होती आणि विद्यापीठ ‘पुलापलीकडे, चालत दहा मिनिटांवर’ आहे असे घरमालकांनी लेखी कळवले होते. प्रत्यक्षात आम्हाला ६५ मिनिटे लागली. आमच्यासारखी वेळ दुसऱ्या कोणावर येऊ नये, एवढ्यासाठीच हे सविस्तर लिहीत आहे.

जॉर्जटाउन भागात मेट्रोचे स्थानक नाही, हे निघण्यापूर्वीच पक्के लक्षात ठेवावे. रहिवाशांनी विरोध केल्यामुळे ते झाले नाही, अशी कथा तिथे हमखास ऐकायला मिळते. पण नदीकाठापासून वर गेलेला तो चढ एकदा पायांनी मोजला की खरी अडचण जमिनीतच होती हे पटते. रॉस्लिन हे त्यातल्या त्यात जवळचे स्थानक. रेगन विमानतळावरून ब्ल्यू लाइन आणि डलस विमानतळावरून सिल्व्हर लाइन गाडी न बदलता तिथे आणते. स्थानक फार खोल आहे, त्यामुळे सामान असेल तर सरकत्या जिन्याच्या नादी न लागता लिफ्ट शोधावी. इथवर सगळे सोपे आहे.

मुलीच्या प्रत्येकी २३ किलोंच्या दोन बॅगा आणि एक सॅक घेऊन आम्ही सकाळी नऊला निघालो. लिन स्ट्रीटवरून पुलाकडे जाताना जो चौक लागतो, तिथे वळणाऱ्या मोटारी आणि दोन्ही बाजूंनी येणारे सायकलस्वार एकाच वेळी अंगावर येतात. हिरवा दिवा लागला तरी दोन्हीकडे पाहूनच पाऊल टाकावे. त्या पुलावर, म्हणजे ‘की ब्रिज’वर, सावली नाही. पोटोमॅकवरून वारा येईल अशी आमची समजूत होती, परंतु ऑगस्टमधली तिथली हवा मुंबईच्या मे महिन्यासारखी दमट असते. पूल संपला तेव्हा समोर टेकडीच्या माथ्यावर विद्यापीठाचे मनोरे इतके जवळ दिसले की घरमालकांचे म्हणणे क्षणभर खरे वाटले.

नकाशाने आम्हाला डावीकडे, कार बार्न या ट्रामच्या जुन्या आगाराच्या भिंतीला लागून असलेल्या दगडी जिन्याकडे नेले. १९७३ सालच्या एका भयपटामुळे प्रसिद्ध झालेला हा जिना ७५ पायऱ्यांचा आहे, अरुंद आहे आणि अतिशय उभा आहे. व्यायामासाठी धावत चढणारे विद्यार्थी आणि छायाचित्रे घेणारे पर्यटक यांच्या मधून ह्यांनी एकेक बॅग वर नेली. दुसऱ्या खेपेला त्यांच्या पाठीत अशी उसण भरली की पुढे चार दिवस त्यांना वाकता येत नव्हते. सामान घेऊन या जिन्याच्या वाटेला कोणीही जाऊ नये, तरुणांनीही नाही. शेजारचा ३५वा रस्ताही उभ्या चढाचाच आहे.

वर पोहोचल्यावर त्रास संपत नाही. फाटकाकडे जाणाऱ्या ओ स्ट्रीटवर दगडी फरसबंदी आहे आणि शहरातल्या १९६२ पर्यंत पूर्ण बंद झालेल्या ट्रामचे रूळ तिथे अजून जपलेले आहेत. या ट्रामना वरून तारा नव्हत्या, वीज जमिनीखालून मिळे. म्हणून दोन रुळांच्या मधोमध आणखी एक लांब खाच आहे. तिची रुंदी बॅगेचे चाक नेमके बसेल एवढी. आमच्या मोठ्या बॅगेचे चाक त्यात अडकले, मी जोर लावून ओढले आणि ते आसासकट निखळून माझ्या हातासमोर पडले. चाक अडकलेच तर ओढू नये, बॅग सरळ वर उचलावी. पदपथ विटांचे आहेत आणि झाडांच्या मुळांनी ठिकठिकाणी वर आले आहेत, तरीही रस्त्यापेक्षा तेच बरे.

थोडक्यात, सामान असेल त्या दिवशी रॉस्लिनहून टॅक्सीच करावी आणि चालकाला ‘३७वा रस्ता आणि ओ स्ट्रीट, मुख्य फाटक’ असा पत्ता सांगावा. विद्यापीठाच्या बसगाड्या रॉस्लिनला येतात, पण त्या विद्यापीठाचे ओळखपत्र असणाऱ्यांसाठी आहेत, तेव्हा पालकांनी त्यांच्या भरवशावर राहू नये. पाठीवर फक्त पिशवी असेल तर चालत जायला हरकत नाही; पाण्याची बाटली आणि चांगले बूट मात्र हवेतच.

फाटकातून आत गेल्यावर संस्थापक जॉन कॅरोल यांचा बसलेला पुतळा आणि त्यामागे हीली हॉलची करडी दगडी इमारत एकदम समोर आली, तेव्हा मला भरून आले. मी स्वतः मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्याच महाविद्यालयात शिकले; त्याच संघाच्या या १७८९ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठात माझी मुलगी शिकणार होती. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख विद्यार्थ्यांसाठी तिथे धर्मालय नावाचे ध्यानस्थान आहे, ते नव्या पालकांनी अवश्य पाहावे. त्याहूनही आग्रहाने सांगेन की आयझॅक हॉकिन्स हॉलपाशी थांबावे. १८३८ मध्ये मेरीलँडच्या जेझुइटांनी २७२ गुलाम स्त्री-पुरुष आणि मुले लुइझियानात विकली आणि त्या पैशांतला काही भाग विद्यापीठाचे कर्ज फेडण्यासाठी वापरला. विक्रीच्या कागदावरचे पहिले नाव आयझॅक यांचे होते. विद्यापीठाच्या ज्या माजी अध्यक्षांनी हा व्यवहार केला त्यांचे नाव पूर्वी या इमारतीला होते, ते २०१५ मध्ये काढले आणि २०१७ मध्ये आयझॅक यांचे नाव दिले. आणि १८७४ मध्ये अध्यक्ष झालेले पॅट्रिक हीली, ज्यांच्या नावाची ती भव्य इमारत आहे, ते एका गुलाम स्त्रीचे पुत्र होते. मुलीला मी हे तिथेच उभे राहून सांगितले.

पुढचे दोन दिवस निवांत गेले. परतताना आम्ही फाटकापासून टॅक्सी केली आणि आठ मिनिटांत रॉस्लिनला पोहोचलो.