बासष्ट टक्के

मला पहिल्यांदा कळलं ते पंगतीत. दिरांच्या वास्तुशांतीला जेवणं आटोपली, सगळ्या बायका उठल्या आणि मी पाटावरच. जमिनीला हात टेकले, मग गुडघ्यांवर ठेवले, मग मांड्यांवरून वर सरकवत कशीबशी कंबर सरळ केली. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, वजन कमी कर." माझं वजन तेव्हा अठ्ठेचाळीस किलो होतं. स्वतःच्याच अंगावर हात चढवत असं उठण्याला डॉक्टर गॉवर्स साइन म्हणतात, हे समजायला चार वर्षं गेली. तोवर कंबरेचे एक्स-रे, कॅल्शियमच्या गोळ्या, तेलमालीश, सगळं झालं. शेवटी पुण्यातल्या एका डॉक्टरांनी रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायू झिजले की रक्तात वाढणारं एन्झाइम, तपासायला सांगितलं. दोनशेच्या आसपास हवं, माझं निघालं साडेतीन हजार. मग जनुकीय तपासणी झाली आणि आजाराला नाव मिळालं : लिम्ब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी. खुबे आणि खांदे यांच्याभोवतीचे स्नायू झिजत जातात.

दिव्यांगत्वाचा दाखला काढायला मी त्यानंतरही दोन वर्षं लावली. सासूबाई म्हणायच्या, "चालती-फिरती तर आहेस, दाखला कशाला?" आणि ते ऐकून मला बरं वाटायचं. मी शिवणकाम करते. पायमशिन रेटवेना म्हणून मोटर बसवली, तेव्हाही गिऱ्हाइकांना 'काम लवकर उरकतं' असंच सांगत राहिले. मग एके दिवशी स्टँडवर एसटीच्या पहिल्या पायरीवर पाय चढेना. मागून कुणीतरी "मावशी, चला की!" म्हणून ओरडलं. त्या संध्याकाळी मुलाला म्हटलं, भर बाबा तो फॉर्म.

अर्ज ऑनलाइन असतो, सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर. आधार, फोटो, सही आणि आधीचे सगळे रिपोर्ट लागतात. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार आहेत आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी त्यात वेगळी लिहिलेली आहे. १९९५च्या कायद्यात सातच होते. आपला आजार यादीत नावानिशी सापडल्यावर मला इतका धीर का आला, ते सांगता येत नाही, पण आला.

तपासणी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात, बुधवारी. दाखल्यासाठी तपासणारं डॉक्टरांचं बोर्ड बसतं पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. बावीस पायऱ्या. ह्यांनी मागून काखेत हात घालून एकेक पायरी मला वर घेतलं. आमच्या पुढे एक मुलगा बसून, हातांवर जोर देत चढत होता. सार्वजनिक इमारती सुगम करायला त्याच कायद्याने नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम आले जून २०१७ मध्ये. ज्या जागी पायांची तपासणी होते, तीच जागा पाय धड असलेल्यांसाठी ठेवणं हा अन्याय आहे. त्या मुलाकडे पाहिल्यावर दुसरा शब्द मला सुचत नाही.

आत बोलावलं तेव्हा शिपाई म्हणाले, "सोबतचे बाहेर थांबा." हे बाहेर राहिले. डॉक्टर बाई चांगल्या होत्या, घाई केली नाही. पाय उचलायला सांगितला, तो उचलला. मग वरून हाताने दाबला, तो लगेच खाली गेला. "पॉवर तीन," त्या म्हणाल्या. स्नायूंच्या जोराची ही मोजणी शून्य ते पाच असते. तीन म्हणजे अवयव नुसता स्वतःचं ओझं उचलतो, त्यावर काही नाही. खाली बसून उठता येतं का, विचारलं. मी म्हटलं, "बसेन डॉक्टर, पण उठवायला दोघं लागतील." त्यांनी ते लिहून घेतलं. मी वर आले कशी, हे मात्र त्यांनी विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही.

महिन्याभरात दाखला आला. कायम, बासष्ट टक्के. खाली छापलंय : स्थिती वाढत जाणारी. हे दोन शब्द मी रोज अंगाने जाणत होते, तरी वाचताना हात थांबला.

आता एसटीत मला पंचाहत्तर टक्के सवलत मिळते. अर्धं तिकीट २०२३पासून सगळ्याच बायकांना आहे, म्हणजे माझं पाव झालं. सोबतच्या माणसाला अर्धं तिकीट लागतं, पण ते पासष्ट टक्क्यांपासून पुढे. मला तीन टक्के कमी पडले, म्हणून ह्यांचं पूर्ण तिकीट. मला पैशाचं तेवढं वाईट वाटत नाही. ह्यांच्याशिवाय मी त्या गाडीत चढूच शकत नाही आणि नेमकं तेच कागदावर कुठे नाही, याचं वाटतं. स्नायूंचा जोर मोजला, पण मी रोज दुसऱ्याकडून किती जोर घेते ते मोजायला तिथे रकानाच नव्हता.

घरी पाट माळ्यावर गेला. मशिनपुढची खुर्ची सुताराकडून चार इंच उंच करून घेतली. यंदा हळदीकुंकवाला गेले ते आधी फोन करून, "मला खुर्ची ठेव हं," असं सांगून. चार घरी जाऊन आले.

कायद्यात अपिलाची सोय आहे. अर्ज मुलाने कालच लिहून दिला. या वेळी ह्यांनाही आत घ्या, असं मी त्यात लिहायला लावलं आहे.