आमची वाटचाल: ठोके मोजता मोजता

बांधकामाआधी जमीन किती भार पेलेल हे तपासणं हे आमचं काम. सुरुवातीला आमच्याकडे एक ट्रायपॉड, एक विंच, ६३.५ किलोचा हातोडा आणि आम्ही चौघे. जमिनीत बोअर, म्हणजे खोल भोक घ्यायचं, रॉडच्या टोकाला नमुन्याची नळी लावून तळाशी ठेवायची, हातोडा ७५ सेंटीमीटरवरून सोडायचा आणि नळी ४५ सेंटीमीटर आत जाईपर्यंत ठोके मोजायचे. पहिले १५ सेंटीमीटर धरायचे नाहीत, कारण बोअरच्या तळाची माती हललेली असते. उरलेल्या ३० सेंटीमीटरच्या ठोक्यांची बेरीज म्हणजे एन. हीच एसपीटी, स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट. वाळूत एन १० च्या आत असेल तर थर सैल, ३० च्या वर गेला तर घट्ट. त्यावरून घर्षणकोन (वाळूचे कण घसरायला किती विरोध करतात त्याचं माप), भारक्षमता. दोन वर्षं मी तक्ते बघून अहवाल लिहिले.

मग एका साइटवर बारीक वाळूत सहा मीटरला एन १८ आला, साडेसातला ५, नऊला २१. मी मधे सैल थर दाखवला आणि त्यावरून डिझायनरने पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब, धरले. आठवड्याने आमचा ड्रिलर बोलता बोलता म्हणाला, "साहेब, साडेसातला रॉड काढताना बोअरमधलं पाणी खाली गेलं होतं. तळ मोजला तर हातभर वाळू वर आलेली."

हे मी विचारलंच नव्हतं. बाहेर भूजल वर आणि बोअरमध्ये पाणी खाली असलं की पाणी तळातून वर घुसतं, वाळू उकळल्यासारखी सैल होते आणि आपण त्या बिघडलेल्या वाळूवर ठोके मारतो. आम्ही परत गेलो, स्वतःच्या खर्चाने दोन मीटरवर नवं बोअर घेतलं, पाणी वरपर्यंत भरून ठेवलं, रॉड सावकाश काढले. साडेसातला एन १९. जुना अहवाल मागे घेतला आणि चूक आमची होती हे लेखी दिलं.

त्यानंतर रजिस्टर बदललं. प्रत्येक टेस्टआधी पाण्याची पातळी आणि तळाची खोली लिहायची. नळी उघडल्यावर तोंडाशी काय अडकलंय तेही लिहायचं, कारण एखादा गोटा अडकला तर मऊ थरातही ५० ठोके होतात.

पुढचा धडा दोराचा. हातोडा उचलणाऱ्या ड्रमवर दोराचा एक वेढा जास्त पडला तरी हातोडा अडखळत पडतो आणि त्याच मातीचा एन वाढतो. म्हणून आपोआप सुटणारा हातोडा घेतला आणि प्रत्यक्ष किती ऊर्जा रॉडमध्ये उतरते ते मोजून एन ६० टक्क्यांच्या पायावर आणायला लागलो, म्हणजे हातोड्याच्या पूर्ण ऊर्जेपैकी ६० टक्के रॉडमध्ये उतरली असती तर एन किती आला असता ते काढायला लागलो.

मऊ चिकणमातीत मात्र एसपीटीवर माझा विश्वास नाही. तिथे एन २ की ३, एवढ्या फरकाने ताकदीचा अंदाज दीडपट होतो. त्यासाठी सीपीटीचं (कोन पेनिट्रेशन टेस्ट, शंकू जमिनीत दाबून मातीचा रोध मोजायचा) मशीन घेतलं. ६० अंशांचा, १० चौरस सेंटीमीटरचा शंकू सेकंदाला २ सेंटीमीटर वेगाने आत जातो आणि दर दीड मीटरच्या एसपीटीतून निसटणारे बोटभर थरही दिसतात. पण नमुना हाती येत नाही. शंकूच्या रोधावरून ताकद काढायचा भाजक साधारण १० ते २० मध्ये कुठेही असतो. तो आम्ही प्रत्येक साइटवर व्हेन टेस्टशी (मातीत पाती फिरवून तिची ताकद मोजायची) ताडून ठरवतो.

अहवालात मूळ एन आणि दुरुस्त एन शेजारी शेजारी छापतो. कोणती दुरुस्ती का केली, हेही त्याच पानावर असतं. नवा इंजिनिअर आला की पहिला महिना त्याला तक्ता मिळत नाही. तो ड्रिलरशेजारी रजिस्टर घेऊन बसतो आणि प्रत्येक नळी स्वतः उघडतो.