पेट्रोल शंभरी पार गेलं तरी लोक गाड्या का घेतात?

परभणीतल्या एका पतसंस्थेत मी सत्तावीस वर्षं कर्ज विभागात काम करते. दुचाकी, रिक्षा, छोटा हत्ती, ट्रॅक्टर, अधूनमधून एखादी कार, सगळ्यांच्या फायली माझ्या टेबलावरून जातात. त्यामुळे लग्नकार्यात, प्रवासात, दवाखान्याच्या बाकावर बसलेली असले तरी कुणी ना कुणी विचारतंच: पेट्रोल एवढं महाग झालं, तरी लोक गाड्या घ्यायचं थांबत कसे नाहीत? दराचा काही परिणाम होतो की नाही? परवा तुम्हीही तेच विचारलंत. घाईत दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण मलाच ते अपुरं वाटत राहिलं. म्हणून लिहायला बसले.

परिणाम होतो, चांगलाच होतो. पण तो कुठली गाडी घ्यायची यावर होतो. गाडी घ्यायचीच की नाही, हे ठरवणारी गोष्ट बहुतेक वेळा वेगळी असते.

महाग पेट्रोल म्हणजे काय हे आम्हाला कुणी सांगायला नको. परभणीला पेट्रोल येतं ते मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून, जवळपास तीनशे किलोमीटरवरून. ती वाहतूक दरात धरली जाते, म्हणून राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल म्हटलं की आमच्या जिल्ह्याचं नाव येतं. मुंबईत साधं पेट्रोल मे 2021 च्या शेवटी शंभरच्या पुढे गेलं. आमच्याकडे त्याच्या आधीच गेलं होतं.

कर्ज मागायला आलेला माणूस गाडीचा रंग नंतर सांगतो, आधी सांगतो ॲव्हरेज. "मॅडम, साठचं ॲव्हरेज देते." हे आजचं नाही. माझ्या वडिलांनी लुना घेतली तीही याच एका कारणासाठी. त्यांच्या ऑफिसात स्कूटर घेण्याइतका पगार असलेलेही लुनावर यायचे. आमच्या भागातले दूधवाले आजही शंभर सीसीच्या साध्या मोटरसायकलीलाच धरून आहेत. दोन्हीकडे कॅन लटकवून रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला लिटरमागे पाच किलोमीटरचा फरकही महिन्याच्या हिशेबात कळतो. दर वाढला की इथे लोक मोठ्या इंजिनावरून छोट्यावर येतात, नवीवरून जुन्यावर येतात. जुन्या दुचाकीच्या कर्जाचे अर्ज वाढले की पेट्रोल वाढलंय हे मला पंपावर न जाता समजतं.

काळी-पिवळी जीपवाल्याचं मात्र वेगळं. डिझेल वाढलं म्हणून तो गाडी बदलू शकत नाही, आधीच्याच गाडीचे हप्ते चालू असतात. तो भाडं पाच रुपयांनी वाढवायला बघतो. लोक कुरकुरले की नऊच्या जागी पंधरा माणसं बसवतो. वाढलेल्या दराची किंमत अशी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली माणसं भरतात, आणि ती कुठल्याच तक्त्यात येत नाहीत.

सगळ्यात जास्त मनाला लागलेलं प्रकरण डिझेल कारचं आहे. पेट्रोलचे दर जून 2010 मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, डिझेलचे झाले नाहीत. शेतकऱ्याच्या पंपाला, मालट्रकला, एसटीला परवडावं म्हणून ते स्वस्त ठेवलं होतं. मे 2012 मध्ये पेट्रोल एका रात्रीत साडेसात रुपयांनी वाढलं, तेव्हा दिल्लीत पेट्रोल 73 रुपये 18 पैसे आणि डिझेल 40 रुपये 91 पैसे होतं. बत्तीस रुपयांची तफावत. मग काय, ज्याला त्याला डिझेल कार हवी झाली. त्या सुमाराला देशात विकल्या जाणाऱ्या कारपैकी अर्ध्याहून जास्त डिझेलच्या होत्या.

तेव्हा एक शिक्षक माझ्याकडे आले होते. शाळा घरापासून चार किलोमीटरवर, तिथे ते मोटरसायकलनेच जात. कार हवी होती गावी जायला आणि वर्षातून एकदा तुळजापूरला. वर्षाचे सहा हजार किलोमीटर, फार तर. डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा लाखभर रुपयांनी महाग होती. मी कागदावर मांडून दाखवलं: पेट्रोलवर किलोमीटरला साधारण पावणेपाच रुपये, डिझेलवर सव्वादोन. म्हणजे जास्तीचा लाख भरून निघायला चाळीस हजार किलोमीटर, सरांच्या हिशेबाने सहा-सात वर्षं, तेही ही तफावत तशीच राहिली तर. सर म्हणाले, "पण मॅडम, पंपावरचा बोर्ड बघा ना." मी फाईल पुढे पाठवली.

तफावत राहिली नाही. जानेवारी 2013 पासून डिझेल दर महिन्याला थोडं थोडं, पन्नास पैशांच्या आसपास, वाढत गेलं आणि ऑक्टोबर 2014 मध्ये तेही नियंत्रणमुक्त झालं. 24 जून 2020 ला दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं. सरांची कार तेव्हा आठ वर्षांची होती. बोर्डावरचा आकडा आजचा असतो आणि गाडी दहा-बारा वर्षं दारात उभी राहते. मी तेव्हा आणखी जोर लावून सांगायला हवं होतं, हे मला आजही वाटतं.

त्याच जानेवारी 2013 मध्ये आणखी एक गोष्ट झाली, तिचा राग अजून गेलेला नाही. एसटी आणि रेल्वेसारख्या घाऊक ग्राहकांना बाजारभावाने डिझेल घ्यायला लावलं गेलं, लिटरमागे दहा रुपयांहून जास्त महाग. किरकोळ पंपावरचा दर मात्र सवलतीचाच राहिला. म्हणजे पन्नास माणसं नेणाऱ्या लाल डब्याला महाग डिझेल आणि चौघांच्या कारला स्वस्त! एसटीच्या गाड्या डेपोतला पंप सोडून रस्त्यावरच्या पंपांवर रांगेत उभ्या राहिल्या. मार्च 2022 मध्ये घाऊक डिझेल लिटरमागे पंचवीस रुपयांनी वाढलं, तेव्हा पुन्हा तेच. ज्याच्याकडे गाडी नाही त्याच्यासाठी इंधनाचा दर म्हणजे एसटीचा दर, हे धोरण आखणाऱ्यांना कधी दिसलं नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच्या जवळ आहे. 2021 च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल 2022 पर्यंत ओढला गेला. पेट्रोल तेव्हा एकशे दहाच्या घरात. दराचंच ऐकायचं असतं तर त्या हिवाळ्यात दुचाकीसाठी कुणी फिरकायला नको होतं. पण माझ्या टेबलावर उलटं घडलं. गावाकडची माणसं येत होती, शेतमजुरी करणारी, एका म्हशीवर घर चालवणारी. मुलीचं बारावीचं वर्ष, एसटी बंद, कॉलेज वीस-बावीस किलोमीटरवर. संपापूर्वी बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास फुकट होता. आता रोज चव्वेचाळीस किलोमीटर म्हणजे जवळजवळ एक लिटर, महिन्याला अडीच-पावणेतीन हजार, वर हप्ता. पेट्रोल परवडत नव्हतंच. तरी गाडी घेतली, कारण पर्याय मुलीला घरी बसवण्याचा होता.

संप मिटल्यावर त्या गाड्या काही परत गेल्या नाहीत. काही फेऱ्या मात्र परत सुरू झाल्या नाहीत. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हा बसस्थानकात पुन्हा गर्दी दिसली, मला बरं वाटलं. पण ज्या गावाला गाडीच येत नाही, तिथे अर्ध्या तिकिटाचं करायचं काय?

इलेक्ट्रिकचं विचाराल तर मी रोजचे किलोमीटर विचारते. चाळीस-पन्नास असतील तर जरूर घ्या. पेट्रोल स्कूटरला किलोमीटरमागे सव्वादोन-अडीच रुपये पडतात तिथे विजेवर तीस-चाळीस पैसे, वर्षाला वीस हजारांच्या वर वाचतात. रोज पाच किलोमीटर बाजारात जाणाऱ्याला तो फरक तितका जाणवणार नाही. आणि गावात रात्री वीज किती तास असते, ते शोरूमवाल्याला नाही, शेजाऱ्याला विचारा. सीएनजीवाल्यांना मी डिझेलवाल्या सरांचीच गोष्ट सांगते: आजच्या दरावर जाऊ नका. 1 एप्रिल 2022 ला राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला, सगळे खूश झाले, आणि त्याच वर्षी पुण्यात दर नव्वदच्या पुढे गेला. पुण्यातल्या माझ्या भावाने त्या उन्हाळ्यातच किट बसवून घेतलं होतं.

गेल्या सोमवारी एक गृहस्थ आले, सोबत मुलगी, नर्सिंगला प्रवेश मिळालेला. त्यांना दुचाकीसाठी साठ हजार हवे होते. मी नेहमीसारखी वही ओढली आणि किलोमीटर लिहायला लागले. मग म्हटलं, "दादा, संध्याकाळची एसटी किती वाजता आहे तुमच्याकडे?" मुलगीच म्हणाली, "सव्वासहाची होती मॅडम. दोन वर्षं झाली बंद होऊन." तिचं कॉलेज साडेपाचला सुटतं.

वही मिटली आणि जामीनदाराचा फॉर्म काढला.