उंटावरचा बँड बघायला सोलापूरहून दिल्लीला

26 जानेवारीची परेड बघायला जाणारे बहुतेक जण चित्ररथ नाहीतर विमानांसाठी जातात. आम्ही गेलो ते सीमा सुरक्षा दलाच्या उंटांसाठी, आणि त्यातही त्यांच्या मागून येणाऱ्या बँडसाठी. टीव्हीवर हा बँड दिसतो न दिसतो तोच कॅमेरा पुढच्या तुकडीकडे वळतो. दरवर्षी हीच चिडचिड.

आपल्या लोकांना ही तारीख सोयीची पडते. सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेतली अक्षता, होम, शोभेचे दारूकाम सगळे आटोपलेले असते आणि कर्नाटक एक्स्प्रेस थेट आहे. सकाळी सोलापुरात बसायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्ली. आरक्षण 60 दिवस आधी उघडते. जायचे आणि यायचे तिकीट पाठोपाठ काढून टाका, त्या आठवड्यात वेटिंग हलता हलत नाही. डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही असले की पँट्रीचे तोंड बघावे लागत नाही. चादर खुशाल घ्या, पण दिल्लीच्या गारठ्यात नुसत्या चादरीने निभाव लागत नाही. स्वेटर, कानटोपी, मोजे हवेतच.

परेडचे तिकीट संरक्षण मंत्रालयाच्या 'आमंत्रण' संकेतस्थळावर मिळते. अलीकडे दर 20 आणि 100 रुपये आहेत. विक्री जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात होते, रोजचा कोटा ठरलेला असतो आणि तो बघता बघता संपतो. ज्या ओळखपत्रावर तिकीट काढाल तेच मूळ ओळखपत्र गेटवर दाखवावे लागते, झेरॉक्स चालत नाही. पिशवी, खाण्याचे पदार्थ, पाण्याची बाटली, पॉवर बँक लॉजवरच ठेवा. लॉज पहाडगंजात घेतलेले बरे, स्टेशन आणि मेट्रो दोन्ही जवळ. त्या दिवशी रिक्षाच्या भरवशावर राहू नका, रस्ते बंद असतात. परेड साडेदहाला सुरू होते, पण तपासणीच्या रांगा पाहता उजाडताच निघा आणि पोटभर खाऊन निघा. रांगेत शेजारी उभे असलेले लातूरचे एक काका विचारत होते, "अहो, उंटावर बसून वाजवतात? उंट बुजत नाहीत का?"

नाही बुजत. आधी हत्यारबंद जवानांचे उंट येतात, गळ्यात गोरबंद नावाचा साज, अंगावर रंगीत झुली, वर साफा बांधलेले मिशाळ जवान. 2023 पासून महिला जवानही उंटावर दिसू लागल्या आहेत. त्यांच्या मागून बँड. उंट चालताना एका बाजूचे पुढचे-मागचे दोन्ही पाय एकदम उचलतो, त्यामुळे वर बसलेला माणूस डावी-उजवीकडे सारखा हेलकावे खातो. त्या हेलकाव्यात तोंडाला पितळी वाद्य लावून फुंकायचे, दोन्ही हात वाद्यात गुंतलेले आणि सूर हलता कामा नये. गड्ड्यात नंदीध्वजाची उंच काठी पेलून चालणाऱ्यांना जवळून पाहिलेल्या माणसाला या तोलाची किंमत चटकन कळेल. एकाच्या झांजा उंटाच्या कानामागेच कडाडत होत्या. मी मुद्दाम त्या कानाकडे बघत राहिलो. लवसुद्धा हलली नाही.

ही परंपरा बिकानेरच्या गंगा रिसाल्यापर्यंत मागे जाते. महाराजा गंगासिंहांचे हे उंटदळ पहिल्या महायुद्धात सुएझ कालव्यावर लढले होते. परेडमध्ये आधी लष्कराचे उंट असत, 1976 पासून ती जागा सीमा सुरक्षा दलाने घेतली आणि 1990 मध्ये त्यात बँडची भर पडली. हे उंट केवळ शोभेचे नाहीत. राजस्थानच्या सीमेवर जिथे वाळूत गाडी रुतते, तिथली गस्त आजही उंटांवरून होते.

आता खरे सांगायचे तर परेडमध्ये हा बँड तुमच्यासमोरून मिनिटभरात निघून जातो. व्हिडिओ काढत बसाल तर तेवढाच हाती लागेल, बँड ऐकायचा राहील. मी मोबाइल खिशात ठेवला. 29 तारखेला विजय चौकात बीटिंग रिट्रीट हा प्रजासत्ताक दिन सोहळ्याचा समारोप होतो, तिथे साउथ ब्लॉक आणि नॉर्थ ब्लॉकच्या कठड्यांवर उंटस्वार ओळीने उभे असतात. दृश्य देखणे आहे, पण ते तिथे वाजवत नाहीत, खाली संचलन करतात ते दुसरे बँड. अनेक जण याच गैरसमजात जातात. सुट्टी असेल तर तोही कार्यक्रम गाठा, फक्त त्याचे तिकीट वेगळे असते आणि उन्हे कलली की गारठा झोंबतो.

बँडच ऐकायचा असेल तर माझे मत जैसलमेरला. माघी पौर्णिमेच्या सुमारास तिथे मरु महोत्सव भरतो आणि त्यात सीमा सुरक्षा दलाच्या उंटांच्या कसरती होतात, त्याही मोकळ्या मैदानात आणि दिल्लीपेक्षा कितीतरी जवळून. सोलापूरहून पुणे, पुण्याहून जोधपूर, तिथून जैसलमेर असे टप्पे पडतात, म्हणजे हाताशी आठवडाभर हवा. पौर्णिमेची तारीख दरवर्षी सरकते, तेव्हा कार्यक्रमपत्रिका लागल्याशिवाय परतीचे तिकीट काढू नका. बरोबर वयस्कर माणसे असतील तर मात्र दिल्लीच बरी, थेट गाडी तर आहे.